चोवीस शब्दांचं पाकीट

लहानपणापासून तिला घरात 'कडी' म्हणत. दाराची कडी लागली की नाही हे तीनदा बघितल्याशिवाय ही पोर अंथरुणाला पाठ टेकत नसे, म्हणून. आई म्हणायची, "चोरच कंटाळून परत जाईल गं तुझ्यापुढे."

मोठेपणी कडीने तेच काम धरलं. फोन ज्याच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम ती बनवायची. कोणालाही फुकट घेता येईल, आतलं अक्षरन् अक्षर तपासता येईल, पण बाहेरच्याला तुमच्या फोनमध्ये डोकावता येणार नाही, अशी. अकरा वर्षं हेच. मोठ्या कंपनीत शंभर माणसं जे करतात ते ती आणि तिचा एक दाढीवाला सहकारी, दोघंच ओढत होते. वापरणाऱ्यांत वार्ताहर होते, वकील होते, आणि नवऱ्याच्या मारापासून पळून लपून राहिलेल्या बायका होत्या. या बायकांची पत्रं कडी आईला वाचून दाखवी. बाकी कामातलं आईला ओ की ठो कळत नसे. तिला एवढंच दिसे, की दर भेटीत पोरीच्या गळ्याची हाडं थोडी जास्त वर आली आहेत.

आई दस्त नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झालेली. तीस वर्षांत तिने एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, म्हणून कडीने तिच्यावर एक जोखीम टाकली होती. सिस्टिममधल्या प्रत्येक दुरुस्तीवर एका गुप्त किल्लीची सही लागे. सही नसेल तर फोन ती दुरुस्ती घेतच नसे. किल्ली कडीच्या घरी एका छोट्या यंत्रात बंद होती. यंत्राला काही झालंच तर म्हणून किल्लीचे तीन वाटे कागदावर उतरवले होते. एक कडीकडे, एक दाढीवाल्याकडे आणि एक आईच्या कपाटात, बंद पाकिटात, चोवीस शब्दांचा. कुठलेही दोन जुळले की किल्ली पुन्हा तयार.

पाकीट देताना कडीने आईची उजळणी घेतली होती.

"मी समोर येऊन, बसून, शांतपणे मागितलं तर?"

"द्यायचं."

"फोनवर घाईने मागितलं तर?"

"द्यायचं नाही."

"आवाज माझाच असला तर?"

"तरी नाही. हल्ली आवाजही चोरतात."

"आणि रडले तर?"

"म्हणजे कोणीतरी पाकिटाच्या मागावर आहे. लगेच जाळायचं. तू लेक आहेस की फौजदार?"

"दोन वाटे शिल्लक राहतील ना, मग काय बिघडलं?" कडी हसून म्हणाली होती.

पुढे दाढीवाला थकला. डोकं बधिर झालं म्हणाला आणि काम सोडून गेला. जाताना नियमाप्रमाणे आपला वाटा जाळला आणि तसं प्रामाणिकपणे कळवलं. नवे वाटे करू, असं कडीने ठरवलं खरं. पण दर आठवड्याला एक नवं भोक बुजवायचं निघे आणि तेवढं राहूनच गेलं. दोन वर्षं राहिलं.

मग एका सोमवारी कोणीतरी या सिस्टिममधलं एक मोठं भगदाड शोधून काढलं आणि कडीला न कळवता सरळ नेटवर टाकलं. कोणीही उठावं आणि कोणाच्याही फोनमध्ये शिरावं, असं. एकटीने तीन दिवस डोळ्याला डोळा न लावता तिने दुरुस्ती लिहिली. आता फक्त सही. यंत्राचा परवलीचा शब्द तिने चुकीचा टाकला. पुन्हा चुकीचा. अक्षरं दोन-दोन दिसत होती. दहाव्या चुकीला यंत्राने आतली किल्ली पुसून टाकली. तसं करायला त्याला कडीनेच शिकवलं होतं.

आता उरले तिचा स्वतःचा वाटा आणि आईचं पाकीट, एवढंच. आई एका दिवसाच्या अंतरावर. तिने फोन लावला.

आई दुपारची भांडी पुसत होती. आवाज घोगरा, भलताच, मध्येच हुंदका. "आई, ते पाकीट फोड. वाच मला. आत्ता, लगेच!"

आईने फोन ठेवला, कपाट उघडलं आणि गॅस पेटवला. फोन वाजत राहिला, तो तिने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी दारात उभी. आत आली, खुर्चीत बसली, पाणी प्यायली. मग नियमाप्रमाणे, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "आई, पाकीट दे."

"अगं, काल कोणीतरी हुबेहूब तुझा आवाज काढून..." आईच्या स्वरात थोडी ऐटच होती. "पण मी काय कच्च्या गुरूची चेली? जाळून मोकळी झाले."

कडीने हातातला पेला खाली ठेवला. आईचं हसू ओठांवरच सुकलं.

"तूच होतीस?"

"मीच होते."

"रडत होतीस गं. तूच सांगितलं होतंस, रडले तर..."

"हो. मीच सांगितलं होतं."

"ते कुलूप दुसऱ्या कोणाकडून उघडून घेऊ. कोणी मोठा जाणकार असेल, त्याच्या पाया पडू."

"ते कोणालाच उघडता येऊ नये म्हणून तर अकरा वर्षं घालवली, आई."

नवी किल्ली करता येणार होती, पण जुने फोन तिला ओळखणार नव्हते. प्रत्येकाने आपला फोन संगणकाला जोडून पुसायचा आणि सगळं नव्याने भरायचं. ते कितीजणींना जमणार?

कडीने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि जगजाहीर सूचना लिहायला घेतली. "ही सिस्टिम आता सुरक्षित नाही. फोन ताबडतोब बंद करा." आई तिच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. कागदपत्र वाचायची जन्माची सवय.

"त्या लपलेल्या बायका," आई हळूच म्हणाली, "फोन बंद केल्यावर मदतीला कोणाला बोलावणार?"

कडीची बोटं थांबली. चालू ठेवला तर नवरा शोधून काढणार, बंद केला तर हाक मारायची सोय जाणार. थोड्या वेळाने तिने सूचना होती तशीच पाठवून दिली.