राष्ट्रपतिपदावरची पैज

हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत बसलो होतो. मांडीवर रिपोर्टांची फाइल आणि मनात नको नको ते विचार. समोरच्या बाकावर दोन आजोबा एकच पेपर अर्धा अर्धा वाटून घेऊन, पुढचा राष्ट्रपती कोण होणार यावर तावातावाने बोलत होते. निवडणुकीला अजून काही वर्षं अवकाश होता.

"शास्त्रज्ञच येणार, लिहून ठेवा," टोपीवाले म्हणाले.

"छे हो! दक्षिणेकडची एखादी शिक्षिका आणतील. कुणाच्या ध्यानीमनी नसेल अशी," मफलरवाले म्हणाले.

खरं तर या निवडणुकीत मत देतात ते खासदार आणि आमदार. या दोघांना विचारतंय कोण! म्हणूनच बहुधा गप्पा इतक्या रंगल्या होत्या. सकाळपासून मला संध्याकाळच्या पलीकडे बघायचं धाडस झालं नव्हतं, आणि हे दोघे खुशाल पुढच्या निवडणुकीत जाऊन बसले होते. ऐकता ऐकता मीही मनात एक निवृत्त न्यायाधीश उभे केले.

शेवटी पैज लागली. हरेल त्याने मिसळ खिलवायची. तेवढ्यात टोपीवाल्यांचं नाव पुकारलं. काठी टेकत ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मिसळ झणझणीतच हवी हं मला. तोवर डॉक्टर सांगतील ते सगळं मुकाट्याने ऐकतो."

मी फाइल बाजूला ठेवली आणि मफलरवाल्यांना म्हटलं, "आजोबा, मलाही धरा त्या पैजेत."