पाच चाकू आणि गयाकाकूंचं शेडनेट

गेल्या मंगळवारी दुपारी सिरसाळ्याजवळच्या आमच्या शिवारात वादळी वारं सुटलं. दहा मिनिटांत सगळं शांत... पण तेवढ्यात शेजारच्या गयाकाकूंचं अख्खं शेडनेट, म्हणजे मिरचीवरचा जाळीचा मांडव, बांबू-तारांसकट आडवं झालं होतं. आणि काकू आत होत्या.

पुढचं सांगण्याआधी माझ्या चाकूंबद्दल सांगते. गावात मी त्यांच्यामुळेच ओळखली जाते, आणि तेही फारसं कौतुकानं नाही...

चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून मी सासरची शेती बघायला लागले. सीताफळाची बाग, थोडा शेवगा, दोन म्हशी. घरात सगळ्या कामांना मिळून एकच विळा.

म्हणून मोबाईलवरून एक चाकू मागवला. काळं पातं, मुठीत होकायंत्र... फोटोत एकदम जबरदस्त. बाभळीच्या तिसऱ्याच फांदीला पातं मुठीतून निखळलं. माझे दीर, भास्करभाऊजी, आठवडाभर विचारत होते, "वहिनी, उत्तर दिशा तरी घावली का?"

तेव्हाच ठरवलं, दिसण्यावर जायचं नाही. काम अडलं की त्या कामापुरता एकच चाकू घ्यायचा, आणि तो वापरायचा.

रस्त्याकडेला पाल टाकून एक लोहार कुटुंब बसतं. नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि घण यमुनाबाई मारतात. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून त्यांनी मला छाटणीचा चाकू करून दिला, बाभळीच्या मुठीचा. पुढच्या वर्षी बांबूसाठी जड कोयता. मग एक आकडीचा चाकू... धार आतल्या बाजूला, बाहेरून गोल आणि बोथट. म्हशीच्या गळ्यात दावं आवळलं तर तिला न लागता कापता यावं म्हणून.

चौथा कलमं बांधायचा, नाजूक पात्याचा, परळीहून आणलेला. पाचवा चक्क पाव कापायचा दातेरी चाकू आहे. ठिबकच्या नळ्या आणि प्लास्टिक त्याच्याइतकं कशानंच कापलं जात नाही. जुन्या जीन्सला कप्पे शिवून त्यात पाचही गुंडाळून मी स्कूटीच्या डिकीत ठेवते. भाऊजी त्याला माझं शस्त्रागार म्हणायचे.

तर मंगळवारी... मी पोचले तेव्हा चार-पाच जण जाळीच्या कडा धरून ओढत होते. आत ढोबळी मिरचीच्या ओळी, त्यांना बांधलेल्या दोऱ्या, वर आडवे बांबू, आणि त्या सगळ्याच्या खाली काकू. बाहेरून ओढलं की आत दोऱ्या आणखी आवळत होत्या. काकूंचा आवाज आला, "वढू नगा रे... गळ्याला लागतंय..."

मी ओरडले, "सोडा, कुणी ओढू नका." आणि गुंडाळी जमिनीवर उघडली.

कोयता भाऊजींच्या हातात दिला. "कडेचे बांबू तोडा, काकूंच्या बाजूला वळू नका." दातेरी चाकू काकूंच्या सुनेला, सुनीताला, जाळी कापायला. छाटणीचा तिच्या नवऱ्याला, मिरचीच्या दोऱ्यांसाठी. कलमाचा मात्र मी कुणालाच दिला नाही. अशा गडबडीतही तो द्यायचं मन झालं नाही, खरं सांगते...

सुनीतानं पाडलेल्या भोकातून आकडीचा चाकू घेऊन मी आत सरपटत गेले. काकूंच्या गळ्याला नायलॉनची दोरी रुतली होती, चेहरा काळानिळा पडला होता. बोथट बाजू कातडीला टेकवून आकडी हळूच दोरीखाली सरकवली आणि माझ्याकडे ओढली. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा दोरी तुटली.

काकूंनी घशातून आवाज काढत श्वास घेतला... आणि मला रडू फुटलं.

बांबू पायावरून निघाला, जाळी फाकली, आम्ही काकूंना बाहेर ओढलं. पाय सुजला होता, गळ्यावर लाल वळ होता, पण हाड मोडलेलं नव्हतं. पाणी पिऊन त्या पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "मिरची किती ऱ्हायली गं?"

भाऊजींनी कोयता गवताला पुसला आणि मुठीकडून माझ्या हातात दिला. "वहिनी, धार कुणी लावली ह्याला?"

"मीच."

त्या दिवशी मी घरी ताठ मानेनं गेले. अभिमान वाटला, लई वाटला... लपवत नाही.

रविवारी आमच्या अंगणात नऊ बायका आपापले विळे घेऊन आल्या. धार कशी लावायची ते माझ्याकडून शिकायचं होतं. दगड भिजवून मीही जरा ऐटीतच माझ्या छाटणीच्या चाकूपासून सुरुवात केली.

पाठीमागच्या गल्लीतल्या लक्ष्मीबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. दर दिवाळीनंतर त्या नवऱ्यासोबत ऊसतोडीला जातात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, रागावू नगा... पर लई उभं धरताय तुमी. पातं आडवं करा जरा."

मी चाकू त्यांच्या हातात दिला आणि बायकांमध्ये जाऊन बसले. लक्ष्मीबाईंनी दहा-बारा हात मारले, अंगठ्यानं धार बघितली, आणि सीताफळाची बोटभर जाड फांदी कापून दाखवली. चाकू लोण्यातून जावा तसा गेला.

पाच चाकू जमवायला मला चार वर्षं लागली. आणि ज्या बाईचा हात सहा-सहा महिने कोयत्यावर असतो, तिला एकदाही काही विचारावं असं मला सुचलं नव्हतं. माझ्या घरापासून तिचं घर दोन मिनिटांवर आहे...

लक्ष्मीबाई मोबाईलवर नाहीत. उद्या सकाळी त्यांच्या ओट्यावर बसून ही पोस्ट मी त्यांना वाचून दाखवणार आहे.