एक का अनेक?

आधी एक बोट वर, मग पाचही बोटं उघडून पंजा समोर, आणि प्रश्न, "एक का अनेक?" आमच्या इंग्रजीच्या सरांशी तुमची गाठ पडली असती, तर पाच मिनिटांत हा पंजा तुमच्या नाकासमोर आलाच असता. चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी होती, त्यामुळे तो पंजा सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला आला.

त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजीत शब्द एकाचा अनेक झाला की त्याचा स्वभावच बदलतो. "पेन म्हणजे दुखणं. पण टेक पेन्स म्हणजे मेहनत घेणं. मेक फ्रेंड नाई म्हणायचं, मेक फ्रेंड्स म्हणायचं. काऊन? दोस्ती कराले दोघं लागते."

हे नुसतं फळ्यावर लिहून त्यांचं समाधान होत नसे. वाक्प्रचार करून दाखवायचा. हेड ओव्हर हील्समध्ये डोकं एक आणि टाचा अनेक का, हे पटवायला पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांनी मैदानात कोलांटी मारली आणि तिथेच आडवे झाले. मुलं गोळा झाली. कंबर धरून कण्हणाऱ्या सरांना एका मुलीने गंभीरपणे विचारलं, "सर, हे पेन होय का पेन्स?"

"दोनी होय, मैना," सर कण्हता कण्हता हसले. मी मलम आणायला धावले, पण मलाही हसू आवरत नव्हतं.

ही मैना जंगलातल्या एका टोल्यावरून, म्हणजे लहानशा पाड्यावरून, यायची. घरात ती आणि आई, दोघीच. तिला नर्स व्हायचं होतं आणि इंग्रजीची धास्ती होती. ती दहावीला होती त्या वर्षी मोह लवकर गळायला लागला. घरात पैसा आणणारी ही फुलं पहाटे पडतात आणि वेळेत वेचली नाहीत तर गुरं खाऊन टाकतात. नेमका इंग्रजीच्या पेपरच्या तोंडावर आईला ताप आला. आदल्या दुपारी मैना सांगायला आली, "मी उद्या नाई येत सर. पेपर पुढल्या वर्षीबी येते, मोह उद्याच पडते."

मी तिला चांगलीच रागावले. सरांनी फक्त विचारलं, "झाड कुठी हाये तुमचं?"

"नाल्याच्या काठाले."

ती गेल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, गिव्ह मी अ हँड. इंग्रजीत मदतीले हात एकच मागतात, पण तुमी दोनी आणा."

पहाटे आम्ही माझ्या स्कूटीवरून टोल्यावर पोचलो. कुरकुरत्या मैनाला मी बस थांब्यावर सोडायला गेले. परत आले तर सर टोपली अर्धी भरून मोहाखाली बसलेले, आणि समोर एक म्हातारा काठी टेकून उभा.

"हे झाड माह्यं होय," तो म्हणाला.

मैनाचं झाड त्याच्या पुढचं होतं. त्या टोल्यात मोहाची झाडं घरागणिक वाटलेली आहेत, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. हे सरांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी टोपली म्हाताऱ्यापुढे सरकवली. "चुकलो भाऊ. पोरगी पेपरले गेली, तिची माय तापानं पडली. घाईत झाड चुकलं."

म्हाताऱ्याने एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा कमरेवर हात ठेवून उठणाऱ्या सरांकडे. मग घरांकडे तोंड करून गोंडीत मोठ्याने हाक मारली. आपापली झाडं सोडून पाच-सहा बाया टोपल्या घेऊन मैनाच्या झाडाखाली आल्या.

सर गडबडले. "तुमचं काम सोडून कायले येता बाई?"

उत्तर म्हाताऱ्याने दिलं. त्याने एक बोट वर केलं, मग पंजा उघडला. "माही नात घरी दिवसभर हेच करून राह्यते."

ऊन तापायच्या आत झाडाखाली एक फूल उरलं नाही. मला सरांचा फार अभिमान वाटला, आणि आदल्या दिवशी मैनाला रागावले त्याची लाजही वाटली. ती इंग्रजीत पास झाली. जेमतेम झाली, पण सरांनी शाळाभर पेढे वाटले. पेढे मात्र प्रत्येकी एकच.

निवृत्तीनंतर सर वरोऱ्याला, त्यांच्या घरी गेले. गेल्या हिवाळ्यात ते वारले. मला अजून स्टाफरूममध्ये त्या खुर्चीकडे बघून बोलायची सवय आहे.

परवा पायात खिळा गेला म्हणून आरोग्य उपकेंद्रात इंजेक्शन घ्यायला गेले. मैना तिथे नर्स आहे. सुई भरून ती म्हणाली, "मॅडम, हात द्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "एक का अनेक?"

 सुई ट्रेमध्ये ठेवून मैनाने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मागे रांग खोळंबली होती, तरी तिने तो लगेच सोडला नाही.