अठरा राहिल्या होत्या

हाताला चिकटलेला गूळ गरम पाण्यानं निघतो, पण आमच्या लोणावळ्याच्या चिक्की कारखान्यातले किस्से काही केल्या निघत नाहीत! पॅकिंगच्या टेबलावर आम्ही आठ बायका, जितक्या पेट्या भरू तितके पैसे. सगळ्यांत वस्ताद कुरवंड्याच्या हौसामावशी. घरखर्च आणि लेकीचा, राणीचा, कबड्डीचा खुराक भागला पाहिजे, म्हणून रोजचा आकडा ठरलेला: पन्नास पेट्या. पन्नासावी पेटी बंद, की चप्पल पायात!

* * *

एकदा माल झरझर येत होता, मावशी तीनलाच उठल्या. दुसऱ्या दिवशी माल रडतखडत, तर सातपर्यंत बसून! शेठनी कपाळाला हात लावला. "मावशी, कमाईच्या दिवशी पळता आणि मंदीत ठाण मांडता? उलटंच की!"

"उलटं कसं शेठ? आकडा झाल्यावर कोण बसतं व्हय? पोरीची प्रॅक्टिस बघायची न्हाई का?"

* * *

मग शेठचा पुतण्या आला, मॅनेजमेंट शिकून. "काका, रेट वाढवा. बायका आपोआप जास्त वेळ बसतील." रेट वाढला. पन्नास पेट्यांचे पैसे आता चाळिसातच सुटायला लागले. झालं! मावशी चाळिसाव्या पेटीला उठल्या, मागोमाग आम्ही सगळ्या!

पुतण्या दारात आडवा आला. "अहो मावशी, रेट वाढवला ना?"

"व्हय बाळा, लय पुण्य लागंल तुला. लवकर सुटलो!"

शेठ आठवडाभर पुतण्याशी बोलले नाहीत.

* * *

आणि मग तो दिवस. सोमाटण्याला चार वाजता राणीची फायनल, आणि नेमकी लाइट गेली! सीलिंग मशीन बंद. दोन वाजले तरी मावशींच्या पेट्या बावीसच. इतक्या वर्षांत एकदाही आकडा मोडला नव्हता बाईनं. पेट्यांकडे बघायच्या, घड्याळाकडे बघायच्या. शेवटी उठल्या एकदाच्या!

"मावशी, अठरा राहिल्या की!" पुतण्या म्हणाला. मावशींनी चप्पल पायात सरकवली.

मीही गेले सोबत. अहो, काय खेळली पोरगी! चढाईला जाईल तेव्हा कुणाला तरी बाद करूनच परत. मावशी मात्र ना टाळ्या, ना आरडाओरडा. नुसती बोटांची पेरं मोजत ओठ हलवत होत्या. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

शेवटच्या चढाईत चौघींनी धरलं, तरी राणीनं सरपटत रेषेला हात लावलाच! शिट्टी! जिंकलो! सगळं मैदान नाचायला लागलं. मावशी खुर्चीवर चढल्या आणि माझ्या खांद्याला धरून ओरडल्या,

"अठरा पॉइंट एकट्या माझ्या राणीचं! झालं गं, चाळीस झालं! चल आता घरी!"