पदराखालची लाल फुले

ट्रंक उघडली की कडुनिंबाच्या वाळल्या पानांचा वास येतो आणि आईचे पांढरे पोलके हाती लागते. चाळिशीत शिवण शिकल्यावर मी शिवलेला तो पहिलाच कपडा. युक्रेनकडच्या भरतकामाचे एक पुस्तक पाहून मी त्याच्या गळ्यावर आणि दोन्ही खांद्यांवर फुलीच्या टाक्यांनी लाल फुले भरली होती. तिकडे लाल रंग शुभ मानतात, एवढेच मी वाचले होते. वडिलांना जाऊन जेमतेम वर्ष झाले होते, हे ध्यानातच आले नाही.

धसई गावातल्या आमच्या घरी, ओटीवर बसून आई त्या फुलांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिली.

“लई चांगलं झालंय गो. पन मी आता लाल कशी घालू? बायका काय बोलतील?”

मग ती सुईच्या टोकाने एकेक टाका उसवू लागली. डाव्या खांद्यापाशी मात्र थांबली.

“हा पदराखाली जातो. कोनाला नाय दिसायचा. ऱ्हाऊ दे.”

तेव्हा मला फक्त माझी मेहनत वाया गेल्याचे वाईट वाटले होते. आज उसवलेल्या जागेवरची बारीक भोके बोटांना जाणवतात. शाळेत मुलींना धीट व्हायला सांगणारी मी, “आई, तशीच घाल” एवढे म्हणू शकले नाही. गळ्याजवळचा दोरा सुईने निघेना, तेव्हा मीच उठून तिच्या हाती कात्री दिली होती.