गोधड्यांच्या खोक्यातल्या अक्षता

भांडुपला आमची आई आणि शेजारणी मिळून गोधड्या शिवतात. ऑस्ट्रेलियातल्या एका दुकानाची पहिली ऑर्डर आली, तेव्हा सगळे फॉर्म मीच भरले. घरात कॉलेजला जाणारी मी एकटीच. तरी तिकडच्या कस्टमने खोका अडवला. आत तांदूळ सापडले होते.

"चार अक्षता टाकल्या गं. पहिलं काम, शुभ नको?" आई म्हणाली.

"अगं आई, त्यांच्याकडे बाहेरचं धान्य चालत नाही! कीड जाते त्यातून."

"हळद लावलेली ना, कीड कशी लागेल?"

मी कपाळावर हात मारला. देशोदेशीचे कायदे पाठ करून पास झाले, पण खोका बंद करताना आईजवळ बसायचं सुचलं नाही.

खोका परत न्या, नाहीतर जाळू, असं त्यांनी कळवलं. परत आणायचा खर्च गोधड्यांपेक्षा जास्त होता. शेवटी 'जाळा' असं मीच लिहून पाठवलं. आईला अजून सांगितलेलं नाही.