वर केलेला हात

अग्निगोल, म्हणजे खूप मोठी, लख्ख उल्का दिसली की ती जिथे विझली तिथे आधी हात ताणून धरायचा. हात खाली आणायचा नाही. दुसऱ्या हाताने मोबाइलवरचं होकायंत्र उघडून दिशेचा आकडा वाचायचा. नुसत्या आठवणीवर सोडलं तर चार जण चार दिशा सांगतात आणि नोंद वाया जाते. नवशिक्यांना मी हेच शिकवतो. एका रात्रीची गोष्ट मात्र त्यांना कधी सांगितली नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या उल्कावर्षावासाठी मी आणि बायको पनवेलहून गव्हाणला गेलो होतो. नुकताच अंधार पडला होता. खाडीच्या बांधावर सतरंजी टाकली. तिला उल्कांचं फारसं कौतुक नाही. “तुम्ही मोजा, मी चहाचं बघते,” म्हणाली.

थोड्या वेळाने ती आडोशाला म्हणून बांध उतरून तिवरांच्या झाडीकडे गेली. टॉर्च मीच लावू दिला नाही. अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात ना.

तेवढ्यात पूर्वेकडून अग्निगोल आला. हिरवट, संथ, बांधावर माझी सावली सरकली इतका लख्ख. उरणच्या बाजूला विझला. माझा हात वर गेला.

“अहो,” खालून ती म्हणाली, “पाय रुतलाय माझा.”

“एक मिनिट.”

होकायंत्राचा काटा स्थिर होईना.

“अहो, दोन्ही पाय गेले. पाणी चढतंय.”

मला ऐकू आलं. नीट ऐकू आलं. तरी मी आकडा वाचला आणि मगच हात खाली घेतला.

धावलो तेव्हा ती कमरेपर्यंत चिखलात होती. भरतीचं पाणी आवाज न करता सरकत होतं. मी पोटावर आडवा झालो, सतरंजीचं टोक तिच्याकडे टाकलं. तिची बोटं पुन्हापुन्हा निसटत होती. ती ओरडत नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटली. आणि ओढताना मी मनात तो आकडा घोकत होतो, विसरायला नको म्हणून. घरी ती आंघोळीला गेली तेव्हा मी उल्का नोंदवणाऱ्या संस्थेला नोंद पाठवली.

“यांनी ओढलं म्हणून वाचले,” ती नातेवाइकांत सांगते. मला अजून ते पाणी स्वप्नात दिसतं. स्वप्नात काटा स्थिर होतच नाही.

यंदा डिसेंबरात ती थर्मास विसळत होती. मी सांगून टाकलं, आकडा घोकल्याचंसुद्धा.

“माहितीय,” ती म्हणाली. “आकड्याचं नव्हतं माहीत. हात दिसत होता खालून, पलीकडच्या उलवे गावाच्या दिव्यांपुढे काळा. कधी खाली येतोय, तेवढंच बघत होते.”

“मग लोकांना असं का सांगतेस?”

“ओढलंत, तेही खरंच आहे. दुसरं सांगत बसले असते तर तुमच्याबरोबर राहिले कशी असते?” तिने चहा ओतला. “गच्चीवर बसू. बांधावर मी येणार नाही.”

पनवेलच्या उजेडात काय दिसणार. तरी बऱ्याच वेळाने एक ठळक उल्का पडली. माझा हात आपसूक निघाला, अर्ध्यावर थांबला.

ती आकाशाकडे बघतच नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती.